तांबडा पट्टा काढ

माझ्या नवऱ्याला पटकीनं नेलं तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी दगड झाली. दगडबिगड काही नाही. हात उचलणारा माणूस होता, गेला. मी माहेरी आले, मडकी भाजायच्या आव्याशेजारच्या खोपीत अंथरूण टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून चिखल तुडवायला लागले.

आमचं घर कुंभाराचं. बेळगावहून खानापूरला जाताना वाटेत आमचं गाव. तिथली माती चांगली, म्हणून कुंभारही पुष्कळ. आमच्या घरचं चाक थोरल्या भावाकडं होतं. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, अशी रीत. का म्हणून, ते मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "लावत न्हाईत, म्हणून लावत न्हाईत." म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. चाकावर जे होत नाही ते सगळं बाईचं. माती आणायची, चाळायची, तिच्यात गाढवाची लीद कालवायची. थोरल्यानं उतरवलेलं जाड बुटकं मडकं मांडीवर घेऊन लाकडी चोपण्यानं थापटून मोठं करायचं. आणि दिवाळी आली की पोरांच्या किल्ल्यांवर ठेवायची मातीची माणसं करायची. आमच्याकडं दारोदार किल्ले होतात. मावळे, घोडेस्वार, गुहेतला वाघ, कळशी घेतलेली बाई. हे सगळं हातानं करायचं असतं, चाक लागत नाही. मी सासरी जायच्या आधीपासून करत होते. शाळा तिसरीपर्यंत झाली. पाटीवर मास्तरांपेक्षा माझा घोडा बरा यायचा, एवढंच मला शाळेतलं आठवतं.

धाकटा भाऊ माझ्या पाठचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर बेळगावच्या कॅम्पातून भरतीवाले गावोगाव फिरत होते. गाढवं हाकणारं तरणं पोरगं दिसलं आणि त्यांनी त्याला खेचरांच्या पलटणीत घातलं. पारावर लोकांना चघळायला झालं. "गाढवं हाकणारा खेचरं हाकायला गेला. बढती झाली की रं!" धाकटाही हसला. अंगावर कापड मिळतंय, पोटाला मिळतंय, असं म्हणून गेला. तो इटालीत होता. तिथल्या डोंगरातून खेचरांवर दारूगोळा, पाणी, डबे चढवायचे, हे त्याचं काम.

तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता. आई ओरडली. थोरला उठून बाहेर गेला. कुंभाराच्या घरातला हात गेला म्हणजे काय गेलं, ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी धाकट्याला पाणी दिलं. त्यानं डाव्या हातानं तांब्या घेतला, थोडं सांडलं, आणि म्हणाला, "आक्का, तिकडच्या चिखलाचं मडकं व्हायचं न्हाय. नुसता बुळबुळीत." मी म्हटलं, "बरं झालं बघून आलास."

आमचा एक चुलता होता, जीभ तिखट. पारावर सगळ्यांदेखत तो धाकट्याला म्हणाला, "लढाईत लोक मेडलं आणत्यात. ह्यो हात ठेवून आला. आता बांगड्या भरायच्या म्हटल्या तरी एकाच हाताला लागणार. स्वस्तात सुटला." सगळे हसले. मी पाणी भरून चालले होते. घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "काका, तुमचे दोन्ही हात शाबूत हाईत न्हवं? मग गेल्या पावसाळ्यात काकूनं भिंत लिंपली, तवा कुठं ठेवलं होतं?" त्यावर आणखी हसले. चुलता पुढं महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बरं वाटलं.

धाकटा दिवसभर खोपीत बसून असायचा. एकदा मी आव्यातली राख काढत होते, तेव्हा तो आला आणि डाव्या हाताच्या बोटानं राखेवर काहीतरी ओढायला लागला. मी विचारलं, "काय हाय रं?"

"तोफ."

"कसली?"

"जर्मनची. विमानं पाडायची. हिचं तोंड आभाळाकडं असतंय. पण डोंगरावर आणून ती आडवी करत्यात आन् माणसावर मारत्यात. गोळा आधी येतोय आक्का, आवाज मागनं. आवाज ऐकलास म्हंजे तू जित्ती हाईस."

हात त्याच तोफेनं नेला. त्याचं खेचरही तिथंच पडलं. खेचराचं सांगताना त्याचा आवाज गेला, हाताचं सांगताना नाही.

त्या आधी त्यानं तसली एक तोफ जवळून पाहिली होती. जर्मन टाकून गेले होते, रस्त्याकडेला मेलेल्या जनावरासारखी उभी होती. बेरजेच्या खुणेसारखे चार पाय पसरलेले, पुढं सुपासारखी लोखंडी ढाल, आणि नळी लांबच लांब. नळीवर गोल पांढरे पट्टे काढलेले. एक विमान पाडलं की एक पट्टा, एक रणगाडा फोडला की एक पट्टा. त्यानं त्यावरून हात फिरवला होता. तेव्हा हात होता.

आई ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे तोफेला पाटल्या घालत्यात म्हण की."

"व्हय आई, पाटल्याच."

"मेल्यांनी पाटल्या घालून माणसं मारली," आई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

मी ती तोफ मातीत करायला घेतली. त्याला बरं वाटावं म्हणून नाही. तसलं मला जमत नाही. राखेतला आकार बघितला आणि करून बघावीशी वाटली. पाय जमले, ढाल जमली, नळी काही जमेना. नुसती मातीची केली तर वाकायची. आत बांबूची काडी घालून भोवती माती लावली तर तडकायची. माती सुकताना आवळते, बांबू आवळत नाही. मग मी गव्हाचं काड आत घातलं. मातीनं आवळलं की काड दबतं, आणि आव्यात गेलं की जळून जातं. मागं पोकळ नळी राहते. तळहातावर मावेल एवढी तोफ झाली. धाकटा शेजारी बसून चुका काढायचा. "ढाल एवढी रुंद न्हाय. पाय लांब कर. तोंड आणखी वर." तिचा रंग धुळकट पिवळा असतो म्हणाला, म्हणून मी भाजण्याआधी तिला पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला. भाजल्यावर तसाच रंग आला. पांढरे पट्टे भाजल्यावर चुन्यानं काढले.

पण एक पट्टा मी आधीच काढला होता. लेपावर, गेरूनं. तो आव्यात भाजून निघाला.

धाकट्यानं तोफ डाव्या हातात धरून फिरवली. "ह्यो तांबडा कशाचा?"

"तुझ्या हाताचा."

"हात मोजत न्हाईत आक्का. विमान, रणगाडा मोजत्यात. खेचरंबी मोजत न्हाईत."

"त्यांनी मोजला नसंल. मी मोजलाय."

त्यानं तोफ खोपीतल्या फळीवर ठेवली. त्या दिवशी जेवला मात्र नेहमीपेक्षा जास्त.

याच सुमाराला थोरल्यानं माझं ठरवलं. जांबोटीचा एक बिजवर होता, आमच्याच जातीचा. मातीकाम सोडून भातशेती करत होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, दोन लहान मुलं. दिवाळी झाली की त्याच्याशी माझा पाट लावून द्यायचा. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नाही. थोरलाही वाईट माणूस नव्हता. घरात तोंडं वाढली होती, एक हात कमी झाला होता, आणि तरणी विधवा बहीण खोपीत निजते म्हणून लोक बोलत होते. माणूसही वाईट नव्हता, असं कळलं. पण मला जायचं नव्हतं. एक नवरा करून झाला होता. आणि जांबोटीला माझ्या हाताला माती लागणार नव्हती. तिथं मला चिखलात भात लावायचा होता आणि दुसरीची पोरं वाढवायची होती. मी थोरल्याला सांगितलं, "अण्णा, मी जायची न्हाय." तो म्हणाला, "मग हितं काय करणार? किल्ल्यावरचे वाघ?" मी म्हटलं, "व्हय." त्यानं चाकाला काठी लावून जोरात फिरवलं. रागावला की तो असंच करायचा.

दसऱ्यानंतर धाकट्याला हात दाखवायला कॅम्पात बोलावलं होतं. जाताना त्यानं ती तोफ डगल्याच्या खिशात घातली. पलटणीतले ओळखीचे भेटतील, त्यांना दाखवावी म्हणून. तिथं ती एका गोऱ्या साहेबाच्या नजरेला पडली. धाकटा सांगत आला, "साहेबानं तोफ ठेवून घेतली. करणाऱ्याला घेऊन ये म्हणालाय." करणारा म्हणजे कोण, हे साहेबाला ठाऊक नव्हतं. धाकट्यानंही सांगितलं नव्हतं.

थोरला, धाकटा आणि मी, आम्ही तिघं गेलो. आता जिथं उद्यमबागेत लोखंड ओततात, तिथं तेव्हा मोकळा माळ होता. त्या वाटेनं आम्ही गाढवामागनं बेळगावला जायचो. कॅम्पातला बंगला मोठा. व्हरांड्यात बटलर आला, धाकट्याच्या मागं मला बघून म्हणाला, "बाई कशाला आणली?"

"तीच करती," धाकटा म्हणाला.

बटलर आत जाऊन आला आणि आम्हाला खोलीत नेलं. तिथं काचेचं कपाट होतं. त्यात बोटाएवढ्या तोफा, शिशाचे सोजीर, घोडे, गाड्या, सगळं रांगेनं लावलेलं. कुठल्या कुठल्या देशांच्या तोफा. मला वाटलं, साहेबाच्या घरीही किल्ला करतात. मी बटलरला विचारलं, "किल्ला कुठाय?"

"कसला किल्ला?"

"हे सगळं मांडायला."

"किल्ला नाही. कपाटातच असतं."

"पोरं कुठं खेळत्यात मग?"

"पोरं नाहीत. साहेब बघतात."

मोठा माणूस, बाराही महिने दिवाळी, आणि किल्ला नाही. असतो एकेकाचा छंद.

साहेब आला. तांबडा चेहरा, अंगानं बारीक. माझी तोफ हातात घेतली, भिंगातून बघितली. एक जाड पुस्तक उघडलं. त्यात त्याच तोफेचं चित्र होतं. चित्रावर पट्टी ठेवून मोजायचा, तोफेवर ठेवून मोजायचा. पाय मोजले, ढाल मोजली. मध्येच मान हलवायचा. मग अंगठ्यानं नळी घासली. चुन्याचा पट्टा पुसला गेला, अंगठा पांढरा झाला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. तांबडा पट्टा घासला, तो जाईना. नखानं खरवडला. तरी जाईना. मला म्हणाला, "सफेद ठीक है. ये लाल नई."

आणि बटलरशी इंग्रजीत बराच बोलला. बटलरनं आम्हाला सांगितलं, "साहेब म्हणतात, काम चांगलं आहे. पण तांबडा पट्टा खऱ्या तोफेला नसतो, पुस्तकातही नाही. त्यांना डझनभर तोफा पाहिजेत. विलायतेतल्या दोस्तांना पाठवायच्या आहेत, त्यांच्याकडंही अशी कपाटं आहेत. चांगल्या आल्या तर पुढंही लागतील. तेवढा तांबडा पट्टा काढून आण."

मी विचारलं, "ह्याचा हात गेला, ते साहेबाला सांगितलं का?"

बटलरनं धाकट्याच्या बाहीकडं बघितलं आणि साहेबाला काहीतरी सांगितलं. साहेबानं धाकट्याकडं बघून डोकं वाकवलं. चांगलं वाकवलं, खोटं नव्हतं. मग पुन्हा पुस्तकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "लाल नई."

परत येताना थोरला हवेत होता. बाप गेल्यापासून तो मला एवढा खूश पहिल्यांदाच दिसला. "कॅम्पातलं काम म्हंजे बारमाही काम. जांबोटीला निरोप धाडतो, आता नगं म्हणून. तू बस तुझ्या तोफा करत. फकस्त तेवढा पट्टा काढ."

म्हणजे झालं. पट्टा गेला की मी राहिले, पट्टा राहिला की मी जांबोटीला. थोरल्यानं तसं स्पष्ट म्हटलं नाही, पण मला गणित येत होतं.

घरी आल्यावर धाकटाही म्हणाला, "काढ आक्का. माझ्या हाताचं माझ्यापाशी. एका पट्ट्यापायी तू जांबोटीला जाऊ नगंस."

"पट्टा तुझा न्हाय आता."

"मग कुणाचा?"

"मी काढलाय. माझा."

"खुळी हाईस."

"असंन."

खरं म्हणजे मला राग कशाचा आला होता, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता येतं. साहेबाला सगळं खरं पाहिजे होतं. नळी खरी, ढाल खरी, पाय पट्टीनं मोजून खरे. जर्मनांनी फोडलेले रणगाडे त्यांनी मोजले, ते पट्टेही त्याला खरे. आणि समोर उभ्या माणसाची रिकामी बाही बघून तो म्हणत होता, हे खऱ्यात नाही. पुस्तकात नाही. मग तुझं पुस्तक अर्धं आहे, बाबा.

मी डझनभर तोफा करायला घेतल्या. थोरल्यानं चांगली माती मला आधी दिली, हे कबूल करायला हवं. तो येता-जाता बघायचा आणि म्हणायचा, "पट्टा काढायचा ध्येनात हाय न्हवं?" मी म्हणायचे, "हाय की."

काढणं हा आपला शब्द मोठा सोयीचा आहे. रांगोळी काढतात, काटाही काढतात. बाळाचं नख काढतात आणि बाळाचं चित्रही काढतात. साहेबानं इंग्रजीत काय म्हटलं ते बटलरला ठाऊक. मला मराठीत सांगितलं होतं, तांबडा पट्टा काढून आण. मी गेरू कालवला, केसांचा कुंचला केला आणि प्रत्येक नळीवर तांबडा पट्टा काढला. नीट, एकसारखा, पहिल्यापेक्षा चांगला.

आवा थोरल्यानंच लावला. तोफा मडक्यांच्या आत ठेवून दिल्या होत्या, त्यामुळं त्याला दिसल्या नाहीत. आवा उघडला तेव्हा त्यानं पहिली तोफ काढली, राख फुंकली, आणि तिथंच उकिडवा बसला.

"हे काय?"

"काढून आण म्हणाला. काढलाय."

"मला शिकवतीस? मला?" त्यानं तोफ आपटली नाही. कुंभार भाजलेली वस्तू आपटत नाही. त्यानं खापराचा धारदार तुकडा घेतला आणि पट्टा खरवडायला लागला. मी बघत उभी राहिले. वरचा पांढऱ्या मातीचा लेप पातळ, खाली आमची खानापुरी माती. भाजली की तांबडीभडक. तो जेवढं खरवडायचा तेवढी खालची तांबडी माती उघडी पडायची. पट्टा सुतळीएवढा होता, बोटभर झाला.

"खरवड की आणखी," मी म्हटलं. "सगळी तोफ तांबडी व्हईल."

धाकटा मागं उभा होता, तो फसकन हसला. मग थोरल्यानं खापर फेकून दिलं आणि त्याच्याकडं असं बघितलं की हसणं तिथंच राहिलं.

तरी थोरला त्या घेऊन कॅम्पात गेला. आशा वाईट असते. संध्याकाळी तोफांनी भरलेली बुट्टी तशीच परत आली. साहेब रागावला नाही, फक्त पुस्तक मिटलं आणि आत गेला. बटलर मात्र थोरल्याला म्हणाला, "मराठी कळत नाही काय तुम्हाला?" हे शब्द थोरल्याला लागले. कळत होतं म्हणून तर सगळं झालं होतं.

जांबोटीचा माणूस वसुबारसेच्या आधी आला. नकाराचा निरोप थोरल्यानं धाडलाच नव्हता; उलट कळवलं होतं, आता दिवाळीनंतर नको, आधीच उरकू. पाटात सोहळा नसतो. नवं लुगडं, कपाळाला कुंकू आणि हातात बांगड्या. बांगड्या भरल्या की झालं. म्हणून थोरल्यानं कासारालाही बोलावलं होतं. कासार अंगणात बांगड्यांच्या माळा सोडून बसला. जांबोटीचा माणूस कट्ट्यावर बसला होता, डोक्याला नवा रुमाल बांधून. माझ्यापेक्षा बराच मोठा, पण चेहरा शांत होता.

मी आव्यापाशी चिखल मळत होते. कोपरापर्यंत माती. आई म्हणाली, "ऊठ, हात धू."

मी मळत राहिले.

कासार म्हणाला, "आक्का, माखल्या हातात बांगडी चढत न्हाय. हात धू की."

"धुणार न्हाय."

"अशी कशी?"

"अशीच."

थोरला पुढं आला. "उठतीस का न्हाय?"

"वढ की," मी म्हटलं. "वढून उतरवलेलं मडकं वाकडं व्हतंय, तुला ठावं हाय."

जांबोटीचा माणूस कट्ट्यावरूनच म्हणाला, "बाई, आमच्याकडं माती न्हाय, खरं हाय. पण भात लई पिकतंय. उपाशी ऱ्हायची न्हाईस."

"भात मी खाते," मी म्हटलं. "लावत न्हाय. आन् तुमच्यात वाईट काय न्हाय. तुमची पोरंबी चांगली असतील. मला यायचं न्हाय."

तो थोडा वेळ माझ्या हातांकडं बघत राहिला. मग उठून उभा राहिला. थोरल्याला म्हणाला, "मी माझ्या पायानं आलतो. तिनं तिचा हात पुढं करायला नगं? चिखलातनं काढून न्यायला ती काय म्हस हाय?" आणि आणलेलं लुगडं काखेत मारून चालू लागला. जाताना मला म्हणाला, "येतो आक्का." जिला बायको करायला आला होता, तिला त्यानं आक्का म्हटलं. मला त्याचा त्या क्षणी आदर वाटला. तरी मी उठले नाही.

कासार कुरकुरायला लागला, उन्हातून एवढं लांब बोलावलं आणि काच विकली नाही. रिकामं कसं धाडायचं, म्हणून आईनं वहिनीला पुढं केलं. वहिनीनं दोन्ही हात असे पटकन पुढं केले की जणू सकाळपासून तयारच होते. हिरव्या भरून घेतल्या. तेवढं एक काम त्या दिवशी चांगलं झालं.

थोरल्यानं मला सांगितलं, "ऱ्हा. पण तुझी चूल तुझी. आणि माझ्या आव्याला तुझा माल लागायचा न्हाय."

मी म्हटलं, "बरं." खोपीमागं चूल घातली.

दिवाळीच्या बाजाराला ती परत आलेली बुट्टी घेऊन मी खडेबाजारात गेले. सोबत धाकटा होता. मावळे होते, वाघ होते, थोरल्यानं धाकट्याकडं विकायला दिलेल्या पणत्या होत्या, आणि पुढं तोफा. पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली ती एक जाडजूड बाई, लेकाला घेऊन. लेकानं तोफ उचलली. बाईनं माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि तोफ त्याच्या हातातून काढून ठेवली. "विधवेच्या हातचं दिवाळीच्या किल्ल्यावर कशाला?"

मी म्हटलं, "वाघबी मीच केलाय, बाई. त्योबी नगं. पणत्या थोरल्याच्या हाईत, सवाष्णीच्या नवऱ्याच्या. त्या न्या." ती पणत्या न घेताच गेली. पोरगं मात्र मागं वळून वळून बघत होतं.

मग कॅम्पातून सुटलेले जवान यायला लागले. त्यांनी ती तोफ लांबूनच ओळखली. एकानं हातात घेतली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बघ रं, ही बघ. हिच्यामुळं आपण त्या नाल्यात दिवस काढला." दुसरा म्हणाला, "ढाल लहान झालीय." धाकटा लगेच तंडायला लागला, ढाल बरोबर हाय म्हणून. तिघं रस्त्यातच वाद घालत उभे. मग एकानं विचारलं, तांबडा पट्टा कशाचा. धाकट्यानं नुसती बाही हलवली. त्यांनी तोफा घेतल्या.

एकाचा डोळा गेलेला होता. तो म्हणाला, "मला आणखी एक काढून दे. माझा."

मी गेरूची वाटी बरोबर आणली नव्हती. शेजारी एक रंगवाला बसला होता, त्याच्याकडून चिमूटभर मागून घेतला, थुंकीत कालवला. विचारलं, "बारीक काढू का जाड?"

"जाड काढ," तो म्हणाला. "एकच डोळा हाय, बारीक दिसायचा न्हाय." आणि स्वतःच मोठ्यानं हसला. मग किमतीसाठी घासाघीस केली, तीही चिकाटीनं. मी सोडलं नाही.

तोफा संपल्या. पुढच्या मी खोपीमागं खड्ड्यात गोवऱ्या लावून भाजल्या. निम्म्या तडकल्या. ज्या राहिल्या त्या विकल्या. किल्ल्याची पोरं घेत, पलटणीतले घेत. दोघातिघांनी तर निरनिराळ्या पट्ट्यांच्या जमवून फळीवर लावून ठेवल्या, असं ऐकलं. साहेबासारखीच खोड, पण त्यांची फळी मला समजत होती.

थोरला माझ्याशी बोलत नव्हता. मीही बोलत नव्हते. पण संक्रांत जवळ आली. घरोघर सुगडी लागतात, रांजण, घागरी लागतात, आणि घागरी चोपायला त्याच्याकडं माणूस नव्हतं. वहिनीनं चोपलेल्या एका बाजूला कलायच्या, भरल्या की गळायच्या. एका दुपारी तो खोपीशी आला. दारात उभा राहिला, आत आला नाही.

"चोपायला ये," म्हणाला.

मी विचारलं, "सांगायला आलास का बोलवायला?"

"बोलवायला."

"माझा माल आव्यात लागंल."

"खालच्या थराला लाव."

"खाली धूर लागतो, लेप काळा पडतो. वरच्या."

त्यानं माझ्या फळीकडं बघितलं. सुकत ठेवलेल्या तोफा तिथं ओळीनं होत्या, गेरू ओला होता. "बरं," म्हणाला, "वरच्या."

मी चोपणं घेतलं आणि त्याच्या मागं गेले. तांबड्या पट्ट्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी गेले नसते.